जपून वापरायचं वाक्य

मंगळवारी सकाळी चाकणजवळच्या एका कारखान्यात अमोल पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला आणि गेला. बुधवारी दुपारी त्याचं दफन झालं. दफनाच्या वेळी जे म्हणायला सांगितलं होतं ते पाळक सिलास पवार यांनी म्हटलं नाही. रविवारी उपासनेच्या हॉलला कुलूप होतं.

पुढे जे होत गेलं ते सगळं यातून निघालं. या हिवाळ्यात पाळकसाहेबांच्या स्वतःच्या दफनाच्या वेळी जे झालं तेही. ख्रिस्ती मंडळीत धर्मगुरूला पाळक म्हणतात. मी त्यांच्या मंडळीतली नाही. थेरगावच्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत असे. माझं त्यांचं नातं एवढंच. पण माणूस गेल्यावर कळतं की 'एवढंच' हा शब्द आपण किती सहज वापरतो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या जिन्याखाली, स्टुलावर बसलेले.

शाळेत सरूमावशी नावाची शिपाई होती. निवृत्त झाल्यावरही ती रोज येत राहिली. घंटा द्यायची, पाण्याच्या टाकीपाशी पोरांना रांगेत उभं करायची. एके रात्री ती झोपेत गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत एक गृहस्थ आले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, काखेत हेल्मेट आणि पायात कारखान्यातले जाड सेफ्टी शूज. त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "सरूबाई बसायच्या ती जागा कुठली?" मुख्याध्यापकांना वाटलं, फंडाचं काही काम असेल. त्यांनी मला पुढे केलं. मी जिन्याखालचं स्टूल दाखवलं, तर ते त्यावर जाऊन बसले. नुसते बसले. मग म्हणाले, "इथून पटांगण अर्धंच दिसतं. पलीकडे कोणाचं पोर पडलं तर तिला कसं कळायचं?"

"रडण्यावरून," मी म्हटलं. "प्रत्येक पोराचं रडणं तिला ओळखू यायचं."

"वा. हे चांगलं सांगितलंत." मग घंटेकडे बघून म्हणाले, "एकदा घंटा देऊ का?"

"आता तास चालू आहे."

"मग मधल्या सुट्टीची देतो."

आणि खरंच ते मधल्या सुट्टीपर्यंत थांबले. घंटा जरा जास्तच लांबली. पोरं हसली.

संध्याकाळी आम्ही काही शिक्षक सरूमावशीच्या दफनाला गेलो. मी तोवर ख्रिस्ती दफन पाहिलं नव्हतं. मोठमोठे शब्द ऐकू येतील असं वाटलं होतं. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात उभे होते आणि झग्याखालून तेच बूट दिसत होते. त्यांनी स्टुलाचं सांगितलं, अर्ध्या दिसणाऱ्या पटांगणाचं सांगितलं, रडण्याचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "भरल्या वयात, अंथरुणावर, झोपेत गेली. ही देवाची इच्छा. सलाम, सरूबाई." मला त्या क्षणी वाटलं की इतकी वर्षं ज्या बाईच्या घंटेवर मी वर्गात शिरले आणि वर्गातून निघाले, तिची ओळख मला आज झाली.

ही त्यांची रीत होती. मंडळीतलं कोणी गेलं की दफनाच्या आधी ते स्कूटर काढून त्या माणसाच्या कामाच्या जागी जायचे. लेथवाल्याच्या लेथपाशी, पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या ओट्यापाशी, वॉचमनच्या केबिनमध्ये. तिथे बसायचे, हत्यार हातात घेऊन बघायचे, शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे. "माणूस कुठे राबला ते बघितल्याशिवाय त्याच्यावर बोलणं म्हणजे न चाखता स्वयंपाकाला नावाजणं," असं म्हणायचे. पाळकीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर लगेच म्हणत, "हे माझा स्वयंपाक चाखूनही नावाजत नाहीत."

ते मूळचे नगर जिल्ह्यातले. तरुणपणी चिंचवडला प्रेसवर कामाला लागले, पुढे सेवेत आले. सेवा हा त्यांचाच शब्द. चार-पाच छोटी पुस्तकं त्यांनी लिहिली: प्रार्थनेवर, संसारावर, दारूवर. ती त्यांच्या मेळाव्यांत विकली जात आणि चाकणच्या खोल्यांमध्ये उशाखाली सापडत. लिहिताना त्यांना जड शब्द खपत नसे. मी एखाद्या ठिकाणी नीटसा संस्कृत शब्द सुचवला की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "बाई, माझा वाचक सेकंड शिफ्टला जातो. जेवणाच्या सुट्टीत वाचतो. एका हातात त्याचा घास असतो. हा शब्द उचलायला त्याला घास खाली ठेवावा लागेल." मी हट्ट धरला तर त्याहून मोठा हट्ट त्यांच्याकडे तयार असे. एकदा एका स्वल्पविरामावरून आम्ही आठवडाभर बोललो नव्हतो. तो स्वल्पविराम शेवटी मी काढला आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी गुपचूप परत घातला.

ते सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक होते आणि हे लपवत नव्हते. डांगे चौकात उभं राहून पत्रकं वाटत. नाताळानंतर करंज्यांचा डबा घेऊन आमच्याकडे यायचे. चहा झाला की दाराशी बूट घालता घालता विचारायचे, "मग बाई, यंदा?"

म्हणजे यंदा तुम्ही प्रभूकडे येणार का.

"यंदा नाही," मी म्हणायची.

"ठीक. पुढच्या वर्षी विचारतो. तुमचा नकार मला आवडतो, स्वच्छ असतो." आणि जिना उतरताना मोठ्यानं, "करंज्या मात्र संपवा. त्या कोणत्याही धर्माच्या माणसाला चालतात."

त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. उपासनेच्या शेवटी आशीर्वाद द्यायला दोन्ही हात वर करत, तेव्हा नव्या माणसाची नजर तिथे जाई. ती गेली की त्यांना बरं वाटे, कारण सांगायला मिळे. बोटं प्रेसमध्ये गेली होती, घाईच्या दिवशी, मशिनवरचं संरक्षण काढून ठेवलेलं असताना. त्या वेळचे त्यांचे पाळक दवाखान्यात आले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, सिलास, ही देवाची इच्छा. आणि त्यांनी ते मानलं. पुष्कळ वर्षं मानलं.

"मग एके दिवशी बाजाची पेटी घेऊन बसलो होतो," ते सांगत. "आठ बोटांनी चाल जमवत होतो. आणि एकदम मनात आलं, देवाला माझी बोटं कशाला हवी होती? त्याला पेटी शिकायची होती का?" यावर स्वतःच मोठ्यानं हसत. मग हसू थांबवून म्हणत, "तेव्हापासून ते वाक्य मी जपून वापरतो. ते म्हाताऱ्या माणसांचं वाक्य आहे. अंथरुणावर, घरच्यांच्या हातात हात देऊन गेलेल्यांचं. ते दुसरीकडे खर्च करायचं नाही."

अमोल त्यांच्या पेटीला ढोलकीची साथ करायचा.

तो मोशीत राहायचा, आईबरोबर. आई मंगल मूळची जालन्याकडची. नवरा लवकर गेला, तेव्हा पोराला घेऊन इकडे आली आणि मोशीतल्या नव्या सोसायट्यांत झाडण्यापुसण्याचं काम धरलं. अमोल कंत्राटी कामगार होता. आठ बोटांची पेटी जिथे अडखळे तिथे त्याची ढोलकी ती जागा भरून काढी, इतकी अलगद की ऐकणाऱ्याला कळत नसे. पाळकसाहेबांना कळत असे. ते वाजवता वाजवताच त्याच्याकडे बघून भुवई उडवत.

ज्या कंत्राटदाराच्या हाताखाली अमोल होता ते सोपानआबा, आणि उपासनेचा हॉलही सोपानआबांचाच. आबा थेरगावच्या जुन्या घरातले. शेत बिल्डरकडे गेल्यावर त्यांनी इमारत बांधली. खाली हार्डवेअरचं दुकान, वर हॉल. आणि चाकणच्या कंपन्यांना माणसं पुरवायचा धंदा सुरू केला. आबांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. नाताळला ते हॉलवर लायटिंग स्वतःच्या खर्चानं लावायचे, आणि पाळकसाहेबांच्या समोर यायच्या आधी तोंडातली तंबाखू थुंकून टाकायचे.

बुधवारी सकाळी पाळकसाहेब रीतीप्रमाणे स्कूटरवरून चाकणला गेले. गेटवर त्यांना आत सोडलं नाही. ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. शिफ्ट सुटली तेव्हा अमोलबरोबरची पोरं बाहेर आली. त्यांनी एकाला बाजूला घेऊन विचारलं, मग दुसऱ्याला पहिल्याच्या नकळत विचारलं. "दोघांचं जुळलं नसतं तर मी गप्प बसलो असतो," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. दोघांचं जुळलं.

दुपारी दफनभूमीच्या फाटकापाशी आबा उभे होते. मी जरा मागे होते. आबांनी पाळकसाहेबांचा हात धरून बाजूला नेलं, पण आबांचं हळू बोलणंही चार माणसांना ऐकू जातं.

"पाळक, लई वाईट झालं पोराचं. आईला आमी वाऱ्यावर सोडनार न्हाई, शब्द देतो. पन तुमी बोलताना एवढंच म्हना, देवाची इच्छा व्हती. कंपनीचे सायेब आल्यात. तेवढ्यानं समद्यांचंच निभंल."

"आबा, मी कारखान्यावरूनच येतोय."

"म्हंजी?"

"म्हणजे कोणाची इच्छा होती ते मी विचारून आलोय."

आबांनी हात सोडला.

खड्ड्यापाशी ते जे बोलले ते मी नंतर इतक्या वेळा तपासलं आहे की पाठ झालं आहे. "अमोल चोवीस वर्षांचा होता. तो ढोलकी वाजवायचा आणि प्रेस चालवायचा. हात आत असला की मशिन थांबवतो तो सेन्सर बंद करून ठेवला होता, कारण चालू असला की माल कमी निघत होता. ही देवाची इच्छा नाही. हे मी देवाच्या नावावर खपवणार नाही. देवाची इच्छा होती की पोरानं संध्याकाळी घरी यावं." मग त्यांनी माती टाकली. साहेब लोक गाडीकडे वळले. मंगल रडायची थांबली होती आणि पाळकसाहेबांकडे बघत होती. ते बघणं आभाराचं नव्हतं.

रविवारी हॉलच्या दाराला नवं कुलूप होतं. खालच्या दुकानदारानं निरोप सांगितला, दुरुस्ती काढली आहे. माणसं जिन्यात उभी होती. म्हाताऱ्या बायका, कडेवर पोरं. मंडळीचा कारभार पाहणारे पंच एकमेकांकडे बघत होते. पाळकसाहेब पायरीवर बसले, पेटी मांडीवर घेतली आणि गीत सुरू केलं. जिना अरुंद होता, आवाज चांगला घुमला. ढोलकी नव्हती. अडखळायची ती जागा प्रत्येक कडव्यात मोकळी राहिली.

समोर हमीदभाईंचं गॅरेज आहे. हमीदभाई दुचाकी दुरुस्त करतात. रविवारी त्यांचं शटर बंद असतं, पण स्वतः ते तिथेच बाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात. दुसऱ्या गीतानंतर ते उठून आले.

"पादरीसाब, ये क्या, सीढ़ी पे बैठे? शटर उघडतो मी. या तिकडं."

एक पंच पुटपुटले, "पण तिथे ऑइल आहे सगळीकडे. प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाचा मेज कुठे ठेवायचा?"

"प्रभू गोठ्यात जन्मला," पाळकसाहेब पेटी उचलत म्हणाले. "गॅरेज म्हणजे बढती झाली म्हणा."

मेज म्हणून हमीदभाईंचं हत्यारांचं टेबल धुऊनपुसून घेतलं. त्यावर पाळकीणबाईंनी पांढरं कापड घातलं. पाळकसाहेबांसाठी हमीदभाईंनी ट्रकचा एक जुना टायर आडवा टाकून वर फळी ठेवली. तो टायर पुढे त्यांचा झाला. हमीदभाई म्हणायचे, "यहाँ गाड़ी ठीक होती है, तुम आदमी ठीक करो. भाडं नको. फक्त माझ्या पोराला सांगा, शाळा सोडू नको." पाळकसाहेब ते दर रविवारी न चुकता सांगत, उपदेशाच्या मध्येच, भर उपदेशात.

मंगल त्या आठवड्यात त्यांच्या घरी आली. मी मुद्रितं घेऊन तिथे बसले होते. ती आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "तुमी माझ्या लेकराला देवाकडून काढून घेतलं आन् मशिनीकडं दिलं."

पाळकीणबाई उठल्या. पाळकसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं.

"दोन शब्द म्हनायचे व्हते. देवानं नेला म्हनले असते तर मला झोप तरी लागली असती."

"लागली असती," ते म्हणाले. "पण मंगल, कधीतरी तुला जाग आली असती. आणि तेव्हा तू देवाशी भांडली असतीस. ते भांडण त्याच्याशी नाही. त्यानं हे केलेलं नाही."

"मग कुनाशी भांडू?"

"ज्यांनी केलं त्यांच्याशी. मी येतो बरोबर."

ती वळून निघून गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला म्हणाले, "बाई, आपण कुठल्या पानावर होतो?" मी पान सांगितलं. त्यांनी ते उघडलं, आणि त्या दिवशी आम्ही त्या पानाच्या पुढे गेलो नाही.

मंगल पुष्कळ महिने उपासनेला आली नाही. पण ती भांडली. अमोलच्या सोबत्यांना घेऊन सरकारी कचेरीत जाऊ लागली, आणि प्रत्येक वेळी पाळकसाहेब स्कूटर घेऊन तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभे असत. ती स्कूटरवर बसत नसे. बसनं जात असे, आणि हे मागून स्कूटरनं. कचेरीत ती एका बाकावर बसे, हे दुसऱ्यावर. पाळकीणबाई हताश होऊन म्हणत, "दोघांतलं कोण जास्त हट्टी, ते देवालाच ठाऊक."

आबांनी हॉल उघडला नाही. गॅरेजातली माणसं मात्र वाढली, आणि त्याचाही त्रास झालाच. एका रविवारी चार-पाच तरुण आले. उपासना संपत होती. त्यांच्या पुढाऱ्यानं छाती पुढे काढून विचारलं, "काय हो पाद्री, इथं लोकांना बाटवता म्हणे?"

मी त्या दिवशी मुद्रितं द्यायला गेले होते आणि मागे स्टुलावर बसले होते. पाळकसाहेबांनी सरळ माझ्याकडे बोट केलं.

"त्या बाई बघ. थेरगावच्या शाळेत होत्या. तू कुठल्या शाळेत होतास?"

"त्याच," तो पोरगा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून त्याचा खांदा जरा खाली आला. "नमस्कार, बाई."

"मी इतकी वर्षं यांना विचारतोय. दर वर्षी विचारतो. त्या नाही म्हणतात. एक बाई बदलता येत नाही मला, आणि तू मला गावभर बाटवणारा म्हणतोस? विचार त्यांना."

"खरं आहे," मी म्हटलं. "मी नाहीच म्हणते."

"आणि मी विचारणं सोडणार नाही," पाळकसाहेब आवाज चढवून म्हणाले. "तुझ्यासमोर सांगतो. विचारणं माझं काम आहे, नाही म्हणणं त्यांचं. यात तुझं काम कुठलं? चहा घेणार का?"

तो चहा प्यायला. मला माहीत होतं की तो पाचवीतही असाच होता. दम द्यायला यायचा आणि खडूचे तुकडे आणून द्यायचं काम करून जायचा.

मग पुस्तकाचा प्रश्न आला.

दफनाच्या वेळची सगळी भाषणं एकत्र करून त्यांनी एक पुस्तक तयार केलं होतं. त्यात सरूमावशी होती, लेथवाला होता, पोळ्यावाली होती. अमोलचं भाषण मधोमध होतं. छपाईला द्यायच्या आधी पंच त्यांच्या घरी आले. थोरल्या पंचांनी घसा साफ केला.

"पाळकसाहेब, आबांचा निरोप आहे. ते एक भाषण पुस्तकातून काढलंत तर हॉलची किल्ली उद्या मिळेल. बाकी सगळं छापा. एक पान आहे फक्त. लेकरं ग्रीसमध्ये बसतात हो. पावसाळ्यात पाणी येतं आत."

ते खरं होतं. मागच्या पावसाळ्यात म्हाताऱ्या बायकांनी विटांवर पाय ठेवून उपासना केली होती. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पान माझं नाही. ज्याचं आहे त्याच्या आईला विचारतो."

दुसऱ्या दिवशी मी आणि ते मोशीला गेलो. मंगल एका सोसायटीचा जिना पुसत होती. आम्हाला बघून तिनं बादली बाजूला सरकवली, पण उठली नाही. ते तिच्या दोन पायऱ्या खाली बसले. तिनं पुसलेली पायरी होती, म्हणून आधी बूट काढले. घराबाहेर मी त्यांना बुटांशिवाय पाहिलं ते तेव्हाच.

त्यांनी आबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. हॉल, ग्रीस, पावसाळा, काहीच लपवलं नाही. म्हणाले, "तू काढ म्हणालीस तर काढतो. रागावणार नाही. तुझा हक्क आहे." मग कागद काढून ते भाषण वाचून दाखवलं. त्यांचा आवाज उपदेशात मोठा असे. त्या जिन्यात तो एखाद्याला औषधाची वेळ सांगावी तसा होता.

वाचून झालं. वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि परत लावून घेतलं.

मंगल म्हणाली, "ह्याच्यात डबा न्हाई."

"कसला डबा?"

"मी मटकी दिली व्हती. कंपनीतून त्याचे कपडे आले, चप्पल आली, डबा आला. उघडून बघितला तर तसाच. खाल्लाच न्हवता." तिनं फडकं पिळलं. "ते लिव्हा. डबा तसाच परत आला म्हून लिव्हा. मग छापा."

"हॉल जाईल, मंगल. कायमचा."

"जाऊ द्या की. तुमी त्या दिवशी इचारलं न्हाई मला हॉलचं. आता कशाला इचारता?"

पाळकसाहेब हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं हे मला दिसलं. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी पेन दिलं. त्यांनी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून, वाक्य लिहिलं: त्याच्या आईनं दिलेला मटकीचा डबा तसाच परत आला. मी त्यात काहीही सुचवलं नाही.

त्या रविवारी मंगल गॅरेजात आली. पुढे नाही, शटरपाशी उभी राहिली. गीत सुरू झालं आणि ती मोकळी जागा आली, तेव्हा तिनं तळहातानं शटरच्या पत्र्यावर ठेका दिला. चुकीचा होता. पाळकसाहेबांनी तिच्याकडे बघून भुवई उडवली.

पुस्तक आलं. आबांनी हॉल एका मोबाइलच्या दुकानाला दिला. रस्त्यात भेटले की दोघेही थांबत. आबा म्हणत, "पाळक, तुमी माज्याशी वैर धरलं." हे म्हणत, "आबा, वैर असतं तर मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना केली असती का?" आबा मान हलवत, आणि पुढे गेल्यावर तंबाखू थुंकत.

मागच्या वर्षी पाळकसाहेब थकले. हृदयाचं दुखणं होतं, मग पायांवर सूज आली. सेफ्टी शूज चढेनात. पाळकीणबाईंनी त्यांना कापडी चपला घेऊन दिल्या, त्या घालून ते चारचौघांत यायला लाजत. नाताळानंतर ते आमच्याकडे आले नाहीत, म्हणून मीच गेले. खाटेवर उशांना टेकून बसले होते. पुढ्यात नव्या लिखाणाचे कागद होते, आणि त्यावर मी मागच्या महिन्यात केलेल्या खुणा ते एकेक करून खोडत होते.

"करंज्या घ्या," म्हणाले. "यंदा पाळकीणबाईंनी सारण कमी भरलंय. माझं लक्ष नाही असं वाटलं त्यांना."

चहा झाला. मी उठले, दाराशी चपला घालू लागले. मागून आवाज आला.

"मग बाई, यंदा?"

"यंदा नाही, पाळकसाहेब."

"ठीक," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मी नसेन. पण विचारायचं सोडलं असं समजू नका."

मी वळून पाहिलं. त्यांनी डावा हात वर केला होता, तीन बोटांचा. आशीर्वादाला की निरोपाला, मी विचारलं नाही. उजव्या हातात पेन होतं आणि ते माझी आणखी एक खूण खोडत होतं.

ते गेले ते दिवसा, घरी, पाळकीणबाई उशाशी बसलेल्या असताना.

दफनाला पुण्याहून एक तरुण पाळक आले होते. त्यांनी पाळकसाहेबांची पुस्तकं वाचलेली होती, हे त्यांच्या भीतीवरून कळत होतं. प्रत्येक वाक्य चाचपून बोलत होते. सेवा सांगितली, पुस्तकं सांगितली, गॅरेज सांगितलं. शेवटाकडे येऊन म्हणाले, "आणि आज पाळक सिलास आपल्यातून..." आणि अडले. पुढचे शब्द त्यांच्या तोंडावर आलेले आम्हाला सगळ्यांना दिसले. त्यांनी ते गिळले आणि म्हणाले, "...आपल्यातून निघून गेले."

"साहेब, ते वाक्य राहिलं," मागून मंगल म्हणाली.

"कुठलं, ताई?"

ती पुढे आली. हाताला काळं लागलं होतं. "मी सकाळी हमीदभाईंच्या गॅरेजात जाऊन बसून आले. ह्यांच्या टायरवर. तिथून समदी मानसं दिसतात, शटरपाशी उभं असलेलं मानूसबी दिसतं." ती तरुण पाळकांकडे वळली. "ह्यांचं वय झालं व्हतं. घरात गेले, बायकोच्या हातात हात व्हता. म्हना आता. देवाची इच्छा म्हना. हितं ते शोभतं. त्यांनी आयुष्यभर राखून ठिवलं व्हतं ते."

कोणीतरी हसलं. मी पाहिलं तर त्या पाळकीणबाई होत्या. डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. फाटकापाशी आबा उभे होते, डोकं उघडं करून, टोपी हातात घेऊन. तरुण पाळकांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मग मंगलनं माती टाकली, आणि मग बाकीच्यांनी.

हॉलच्या जागी आज मोबाइलचं दुकान आहे. अमोलचा खटला चालू आहे. त्या कारखान्यात प्रेसचे सेन्सर चालू असतात, असं अमोलचे सोबती सांगतात. हमीदभाईंचा मुलगा शाळेत जातो. गॅरेजात दर रविवारी उपासना होते. पुस्तकात अमोलचं पान आहे आणि त्या पानावर डबा आहे.